मुंदेनु, म्हणजे पुढे काय

शाळेतल्या गोष्टी कोणी मुद्दाम जमवत नाही, त्या आपोआप साठत जातात. मला निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. तरी मल्लेश्वरमच्या बाजारात भाजी घेताना मागून कोणीतरी "मिस" म्हणून हाक मारतं. वळून बघावं तर दाढीवाला, पोट सुटलेला, गाडीची किल्ली फिरवणारा कोणीतरी गृहस्थ. नाव काही केल्या आठवत नाही, किस्सा मात्र लगेच आठवतो. आणि गंमत म्हणजे ज्यांचं सगळं सुरळीत झालं त्यांचं मला काहीच आठवत नाही. जे थोडक्यात हुकलं, तेवढंच लक्षात राहिलंय.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. माझे यजमान बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि मी वसाहतीतल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमच्या प्रिन्सिपल, मिसेस वर्गीस, दिल्लीला कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या, त्या नवीनच कल्पना घेऊन. प्रत्येक शाळेत एक काउन्सेलर पाहिजे. दहावी-बारावीनंतर मुलांनी काय करायचं, कुठे जायचं, हे सांगणारं कोणीतरी. स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, मानसशास्त्र कोण शिकलंय? मी भाबडेपणाने हात वर केला. मिरजेला बी.ए.ला मला मानसशास्त्राचे दोन पेपर होते, एवढीच माझी पुंजी. त्या दिवसापासून मी काउन्सेलर झाले.

खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. अर्ध्या भागात हॉकीच्या स्टिका आणि मळकी पॅडं, उरलेल्या अर्ध्या भागात मी. पहिला विद्यार्थी आला तो दारातच घुटमळला. मी जमेल तेवढ्या मायेने म्हटलं, ये, बस, मनात काय असेल ते मोकळेपणाने सांग.

तो म्हणाला, "मिस, फुटबॉलचा पंप पाहिजे."

पुढे मुलांना सवय झाली. खोलीला त्यांनी नावही दिलं, 'मुंदेनु रूम'. मुंदेनु म्हणजे कन्नडमध्ये 'पुढे काय'.

•

त्या काळात अॅप्टिट्यूड टेस्ट हा नवा प्रकार होता. मुलाचा कल कशाकडे आहे ते त्यातून कळतं, असं म्हणत. मी त्या चाचण्या मागवल्या आणि दहावीच्या मुलांना सोडवायला दिल्या. जोगळेकरांच्या निखिलला भाषेत आणि संगीतात भरपूर गुण पडले आणि यंत्रांच्या भागात अगदीच कमी. जोगळेकर पुण्याचे, आमच्याच कारखान्यात डिझाइनला होते. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी निकाल शांतपणे वाचला आणि पासिंग किती आहे, असं विचारलं.

मी म्हटलं, यात पास-नापास नसतं, नुसता कल कळतो.

त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "फेरपरीक्षा कधी असते?"

नाही म्हणता येईना, म्हणून मी सहा महिन्यांनी पुन्हा घेऊ म्हटलं. जोगळेकरांनी अॅव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून तसल्या चाचण्यांची पुस्तकं शोधून काढली आणि दर रविवारी सकाळी निखिलला समोर बसवून दातेरी चाकं कुठल्या दिशेला फिरतात ते घोटून घेतलं. दुसऱ्या खेपेला निखिल यंत्रांच्या भागात वर्गात पहिला आला. जोगळेकर माझ्या घरी पेढे घेऊन आले.

निखिल इंजिनियर झाला. पुढे एका लग्नात भेटला. स्टेजवर कोणीतरी गात होतं आणि हा एकटाच ते मन लावून ऐकत उभा होता. शाळेत असताना गॅदरिंगला त्याचं गाणं ठरलेलं असायचं, म्हणून मी विचारलं, गातोस का अजून?

"नाही मिस," तो हसून म्हणाला, "त्या पेपरची प्रॅक्टिस राहिली ना."

•

एकदा हवाई दलातले एक निवृत्त अधिकारी आमच्याकडे भाषणाला आले. देखणे, ताठ, मिशा अशा की मुलींनीही भाषण पूर्ण ऐकलं. त्या काळी विमानतळ आमच्या बाजूलाच होता आणि शाळेवरून दिवसभर विमानं जायची. भाषण संपल्यावर नववीतली निम्मी मुलं पायलट व्हायचं म्हणून माझ्या खोलीबाहेर उभी राहिली. त्यांत अन्वर सगळ्यांत पुढे. अभ्यासात अगदी बेताचा, शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकलेले.

मी सगळ्यांना सांगितलं की पायलटला डोळे उत्तम लागतात, आधी डोळे तपासून या. अन्वर दुसऱ्याच दिवशी वडिलांबरोबर गेला. डॉक्टरांनी सांगितलं की याला फळ्यावरचं काही दिसतच नसणार, इतकी वर्षं हा वर्गात नुसता ऐकत बसला असेल.

चष्मा लागला आणि अन्वर झपाट्याने वर आला. वर्षअखेरीला तो पहिल्या पाचांत होता. सगळे शिक्षक खूश, त्याचे वडील तर मला दुवा देत होते. मीही खुशीतच होते. एका दुपारी मी मैदानाच्या कडेने चालले होते, तर हा एकटा मान वर करून उभा. शेजारी जाऊन त्याचं अभिनंदन केलं.

त्याने वर बघतच मला सांगितलं, "आता विमान एकदम स्पष्ट दिसतं, मिस."

•

शिवण्णा आमच्या कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांचा लोकेश हाताने अतिशय हुशार मुलगा. शाळेचा पंखा बंद पडला, घंटा बिघडली, की त्यालाच बोलवायचे. पुस्तक मात्र उघडलं की त्याला झोप येई. दहावीनंतर त्याला डिप्लोमाला घाला, असं मी शिवण्णांना सुचवलं. पॉलिटेक्निकची सगळी माहिती काढून ठेवली होती. तीन वर्षांत मुलगा पायावर उभा राहील, त्याला कामाची आवड आहे, वगैरे वगैरे बरंच बोलले.

शिवण्णांनी सगळं ऐकून घेतलं. राग त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणाले, "मॅडम, मी डिप्लोमाच आहे. काम मी शिकवतो आणि ज्यांना शिकवतो ते डिग्रीवाले. दोन वर्षांनी त्यांनाच 'सर' म्हणायचं. मुलानेही तेच करायचं का?"

कारखान्यात डिग्री असलेल्यांत माझे यजमानही होते.

लोकेशने अकरावीला सायन्स घेतलं. बारावीला दोनदा बसला. दुसऱ्या खेपेनंतर त्याने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि ओळखीच्या कोणीतरी त्याला बोम्मसंद्र्याला एका छोट्या युनिटमध्ये हेल्पर म्हणून चिकटवून दिलं. होसूर रोडवरून बस बदलत बदलत रोज जायचा.

शिवण्णा मला एकदा बसस्टॉपवर भेटले. मी लोकेशची चौकशी केली. म्हणाले, बरा आहे, मालक चांगला आहे, मशीन ह्याच्याशिवाय चालत नाही. मग बस येते का बघायला ते पुढे वाकले आणि तसेच वाकलेले असताना म्हणाले, "आता घरात 'सर' म्हणणारे दोघं झालो."

•

आमच्या शाळेत मराठी मुलं दोन प्रकारची. एक आमच्यासारखी, बदलीने किंवा नोकरीने आलेल्यांची. दुसरी पिढ्यान् पिढ्या इथेच असलेल्या घरांतली. वनिता त्या दुसऱ्यांतली. त्यांचं चिकपेठेत शिवणकामाचं जुनं दुकान होतं. घरात मराठी बोलत, पण ती मराठी आमच्या कानाला वेगळी लागायची. निम्मे शब्द कन्नड आणि हेल तर पूर्ण कन्नड. वनिताला अर्थशास्त्र शिकायचं होतं आणि बारावीला तिला गुण इतके चांगले पडले की मी पुण्याचं एक कॉलेज सुचवलं. हॉस्टेल चांगलं होतं, मुली भरपूर होत्या.

तिचे आजोबा, अंबोजीराव, मला भेटायला आले. पांढरा कोट, डोक्यावर काळी टोपी. घरात शेवटचा शब्द त्यांचा. मी बसा म्हटलं तर खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. मुलीला परगावी पाठवायला ते नाही म्हणणार, अशी तयारी ठेवून मी उत्तरं जुळवत होते. पण त्यांची शंका वेगळीच होती.

"अक्का, स्वल्प विचारायचं होतं," ते म्हणाले. "तिथं आमची मराठी चालते काय?"

मला हसू आलं. मी म्हटलं, अहो, पुणं ते, मराठीच तर बोलतात सगळे. न चालायला काय झालं?

"सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "मग जाऊ दे पोर." आणि जाताना त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की जणू मुलगी परगावी नाही, माहेरीच चालली आहे.

वनिता गेली, छान रमली. पहिल्या वर्षी सुट्टीला आली तेव्हा मला भेटून गेली. तिची मराठी आता माझ्यासारखी झाली होती, किंबहुना माझ्याहून शुद्ध. तिकडे सुरुवातीला मैत्रिणी तिच्या बोलण्याला हसत, मग तिने ते बोलणं सोडलं, असं तिने सहज सांगितलं. मी तिची पाठ थोपटली.

त्यानंतर वर्षभराने मी ब्लाउजपीस घेऊन चिकपेठेत गेले होते, तेव्हा दुकानात डोकावले. अंबोजीराव गादीवर बसले होते. त्यांनी कॉफी मागवली. वनिता कशी आहे विचारलं तर म्हणाले, देवाची दया आहे, खूप शिकते, सुट्टीत आली होती.

मग त्यांनी मांडीवरचं कापड सरळ केलं.

"तिच्याशी मी आता कन्नडातच बोलतो, अक्का," ते म्हणाले. "त्यात ती चुका काढत नाही."

•

बारावीच्या निकालाच्या दिवशी मी आणि फिजिक्सचे राघवेंद्र राव सर सकाळपासून शाळेत थांबायचो. रडणारी मुलं, चिडलेले बाप, फोन, सगळं त्या दिवशी. एका वर्षी दुपारी महेशची आई धावत आली. महेश केमिस्ट्रीत नापास झाला होता. निकाल बघून घरी आला, वडील बोलू नये ते बोलले, आणि हा चपला घालून जो बाहेर पडला तो परतलाच नव्हता. शेजारच्या कोणीतरी त्याला यशवंतपूरच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं.

यशवंतपूर म्हटल्यावर आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली. रेल्वेचं जंक्शन. त्याच्या आईसमोर आम्ही एकमेकांकडे बघायचंही टाळलं. राव सरांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. स्टेशनात शिरल्यावर आम्ही आधी फलाटाच्या टोकाला गेलो, जिथे फलाट संपून नुसते रूळ सुरू होतात तिथे. राव सर रुळांच्या कडेकडेने पुढेपर्यंत चालत गेले. मी उन्हात उभी.

महेश मधल्या बाकावर बसला होता. चहाच्या स्टॉलच्या समोरच. आम्ही त्याच्यासमोरून गेलो होतो, पण बाकावर बसलेल्या माणसांकडे आमचं लक्षच नव्हतं.

मी त्याच्या शेजारी बसले. राव सर धापा टाकत आले आणि त्यांनी त्याचा दंडच धरला. इथे काय करतोयस, म्हणून विचारलं.

महेशला आमचं आश्चर्य वाटलं. म्हणाला, आज हुबळीच्या गाडीने अज्जी येणार आहे. तिला घ्यायला बाबा जाणार होते. पण निकाल लागला आणि घरात कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. गाडी लेट आहे.

आम्हीही थांबलो. गाडी आली. अज्जी उतरली, छोटीशी बाई, हातात पिशव्या आणि एक डबा. तिने इकडे तिकडे पाहिलं. मुलगा नाही, सून नाही, आणि नातवाच्या शेजारी ही कोण दोन परकी माणसं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. घरी सगळे बरे आहेत ना, तिने घाबरून विचारलं. मग कोणीच कसं आलं नाही?

महेशने तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या.

"मी आलोय ना, अज्जी."

•

आता आपटे वहिनींचं सांगते.

आपटे वसाहतीतच राहायचे. त्यांची मुग्धा बारावीला होती, हुशार मुलगी. तिच्या अॅडमिशनबद्दल विचारायला आपटे वहिनी माझ्या खोलीत येत. मुग्धाचं काम दोन भेटींत संपलं, तिला मंगळूरला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला आणि ती हॉस्टेलवर गेलीसुद्धा. त्यानंतर एक दिवस वहिनी पुन्हा आल्या. म्हणाल्या, माझं काही काम नाही बाई, आमच्या शेजारी एक मुलगी आहे तिच्यासाठी विचारायचं होतं. दहावी झाली आणि तिचं शिक्षण सुटलं. तिला आता काही करता येईल का?

मी त्यांना मुक्त विद्यापीठाची माहिती दिली. वय अठराच्या वर असेल तर बारावी लागत नाही, एक प्रवेशपरीक्षा द्यायची की बी.ए.ला बसता येतं. घरी अभ्यास करायचा. वहिनींनी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. जाताना सहज विचारावं तसं विचारलं, वयाची वरची अट काही आहे का? मी म्हटलं, नाही.

मग त्या येत राहिल्या. शेजारच्या मुलीने पुस्तकं आणली. शेजारच्या मुलीला गणिताचा भाग जड जातोय. शेजारची मुलगी विचारत होती की, निबंध लिहिताना आपलं मत लिहिलं तर चालतं का. दुपारच्या सुट्टीत येत, दारात उभं राहून विचारत, समजेपर्यंत हलत नसत. एकदा टक्केवारीचं एक गणित मी त्यांना समजावून दिलं, तर त्या एकदम म्हणाल्या, "अगबाई, एवढं सोपं होतं?" आणि लगेच, "सांगते तिला."

मी स्टाफरूममध्ये कौतुकाने म्हटलं, आपटे वहिनी त्यांच्या शेजारच्या मुलीसाठी किती करतात बघा. राव सर वह्या तपासत होते. त्यांनाही वसाहतीत क्वार्टर होतं. त्यांनी मान वर केली.

"मॅडम, आपट्यांचं घर ओळीत शेवटचं. शेजारी फक्त आम्ही. मला दोन मुलगे आहेत आणि थोरला तिसरीत आहे."

मिसेस वर्गीसही तिथेच होत्या. त्यांचं म्हणणं, मी वहिनींना सरळ सांगावं की आम्हाला कळलंय, त्यात लाजण्यासारखं काय आहे, उलट आम्ही सगळे मदत करू. ते मला पटलंही. पण राव सर म्हणाले, सांगू नका. ज्या दिवशी तुम्ही सांगाल त्या दिवसापासून त्या यायच्या बंद होतील.

मी नाही सांगितलं. उलट मीच विचारायला लागले, शेजारच्या मुलीचा अभ्यास कुठपर्यंत आला? आणि वहिनींचा चेहरा उजळायचा. ती पहाटे उठते म्हणाल्या, घरातल्यांची झोपमोड नको म्हणून स्वयंपाकघरात बसून करते. परीक्षा जवळ आली तशा त्या बारीक झाल्यासारख्या वाटायला लागल्या. पण चालण्यात एक वेगळीच ऐट आली होती. मी मनातल्या मनात त्यांचा निकालसुद्धा ठरवून टाकला होता.

मग आठ-दहा दिवस त्या फिरकल्या नाहीत. आल्या त्या डब्यातून बेसनाचे लाडू घेऊन. आपट्यांना बढती मिळाली होती, हैदराबादच्या युनिटला. लगेच रुजू व्हायचं होतं, सामान बांधायला माणसं येऊन गेली होती. तिकडे क्वार्टर मोठं आहे, म्हणाल्या, म्हणून गावाकडून सासूबाईंना कायमचं आणायचं ठरलंय. त्या अंथरुणावर असतात, त्यांचं सगळं जागेवरच करावं लागतं. बरं झालं, मुग्धाचं मार्गी लागल्यावर झालं सगळं.

मी त्यांचं अभिनंदन केलं. लाडू खाल्ला. त्यांनी डबा पुसून पिशवीत ठेवला, पदर सारखा केला, आणि त्या दारापर्यंत गेल्या.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "वहिनी, आणि शेजारच्या मुलीची परीक्षा?"

वहिनी थांबल्या. मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तिचीही बदली झाली, बाई."